सहा फुटांना एक इंच

टेबलावरच्या युद्धखेळात छोटी रणभूमीच मांडतात. कापडाचं शेत, पुठ्ठ्याचा बांध, थर्माकोलची टेकडी, आणि त्यावर पट्टीने मोजून इंचाइंचाने पुढे सरकणारे सैनिक आणि रणगाडे. गोळा लागला की हुकला हे फासे ठरवतात. प्रशियाच्या राइसविट्झने 1824 मध्ये लष्करी अधिकाऱ्यांसाठी या खेळाचे नियम बांधले. एच. जी. वेल्सने 1913 मध्ये ‘लिटल वॉर्स’ लिहून तो घरातल्या फरशीवर आणला. दिवाळीत सोसायटीच्या आवारात किल्ला बांधून बुरुजावर मातीचे मावळे उभे करणाऱ्या डोंबिवली-ठाण्याच्या मुलांना हा खेळ समजायला वेळ लागत नाही.

आमच्या टेबलावर मांडायची होती बसंतरची लढाई. 16 डिसेंबर 1971, शकरगढ क्षेत्र, आपली 17 पूना हॉर्स ही रणगाड्यांची रेजिमेंट आणि समोर पाकिस्तानचे पॅटन रणगाडे. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच लढाईत, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ‘फामागुस्टा’ नावाच्या सेंच्युरियन रणगाड्यात लढता लढता गेले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. सेंच्युरियनचा तयार किट बाहेरून मागवता येतो. पण माझ्या मते जो रणगाडा टेबलावर वारंवार हलवायचा, तो एकदा तरी कोऱ्या प्लास्टिकमधून स्वतः उभा करावा. त्याशिवाय तो कळत नाही.

सुरुवात बघण्यापासून होते. कल्याणहून मुरबाड, माळशेज घाट करत एसटी नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला जाते. तिथलं कॅव्हलरी टँक म्युझियम 1994 मध्ये सुरू झालं. फोटोत सेंच्युरियन नुसता अवजड दिसतो. शेजारी उभं राहिल्यावर तीन गोष्टी डोळ्यांत भरतात. पुढचा पत्रा चांगलाच उतरता आहे. टरेटच्या, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या, कडेला सामानाच्या पेट्या बिलगलेल्या आहेत, त्यामुळे वरून तो मुळात आहे त्याहून रुंद दिसतो. आणि चाकांचा वरचा भाग पोलादी पडद्यामागे झाकलेला आहे. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून त्याचं झाकणही उजवीकडे. एवढं जमलं तर टेबलाच्या पलीकडून बघणाराही नाव ओळखतो.

मग माप. आमचे सैनिक 1:72 या स्केलचे. हे स्केल हिशोबाला सोपं, कारण सहा फुटांना एक इंच. सेंच्युरियनची नळीशिवाय लांबी सुमारे 7.6 मीटर, रुंदी 3.39 मीटर आणि उंची 3 मीटर. भागाकार केला की साडेदहा सेंटिमीटर लांब, 47 मिलिमीटर रुंद आणि 42 मिलिमीटर उंच असा तळहातावर मावणारा रणगाडा होतो. ही मापं आलेखाच्या कागदावर उतरवून बाजू, माथा आणि समोर अशी तीन चित्रं काढायची. चित्र चुकलं तर पुढचं सगळं चुकतं.

प्लास्टिक लागतं ते पॉलिस्टायरीन. शीट विकत मिळते, पण घरातही सापडते. डब्याच्या तळाशी त्रिकोणात 6 आकडा असेल तर ते पॉलिस्टायरीन. 5 असेल तर पॉलिप्रॉपिलीन, ते या कामाला बाद, कारण ते साध्या गोंदाने धरत नाही. पॉलिस्टायरीन कापताना आरपार सुरी चालवायची नाही. स्टीलच्या पट्टीला कटर लावून दोनदा हलका ओरखडा मारायचा, मग शीट वाकवायची. ती त्याच रेषेवर कटकन मोडते आणि कड सरळ येते. जोडायला सॉल्व्हंट. ब्रशने सांध्यावर एक थेंब सोडला की तो फटीत आपोआप ओढला जातो, दोन्ही कडा विरघळवतो आणि त्या एकजीव होतात. सुकल्यावर सांधा उरतच नाही. खिडकी मात्र उघडी हवी, कारण वाफ डोक्यात जाते.

हल, म्हणजे टरेटखालचं रणगाड्याचं धड, ही आधी एक पेटी. आत आडवे दोन पडदे घालायचे, नाहीतर बाजू आत दबतात. पुढच्या पत्र्याचा उतार या पडद्यांवरच ठरतो, म्हणून ते कापताना घाई करायची नाही.

चाकांसाठी मी शर्टाची बटणं वापरतो. साधं बटण सुमारे 11 मिलिमीटरचं, 72 ने गुणलं की जवळपास 80 सेंटिमीटर, रणगाड्याच्या चाकाला शोभेल असं. चार भोकं पुट्टीने बुजवायची आणि मध्यावर पेपर पंचने पाडलेली प्लास्टिकची चकती लावायची. एका बाजूला सहा चाकं, दोन-दोनच्या तीन जोड्यांत. ती बाहेरच्या पडद्याखालून अर्धीच दिसतात, म्हणून वरच्या अर्ध्या भागावर मेहनत घ्यायची नाही. पट्ट्याचंही तसंच. पातळ शीटच्या पट्टीवर आडवे तुकडे चिकटवून ती गरम पाण्यात मऊ करायची आणि पुढच्या-मागच्या चाकांवर वळवायची. झाकल्या जाणाऱ्या भागात पट्टा नसला तरी चालतो.

तोफेची नळी कान साफ करायच्या जुन्या प्लास्टिकच्या काडीची. ती पोकळ असते, त्यामुळे तोंड कोरावं लागत नाही. सेंच्युरियनच्या नळीवर धूर शोषणारा फुगवटा असतो. त्यासाठी कागदाची पट्टी गोंद लावून गुंडाळायची आणि सुकल्यावर घासायची.

शोकेसमधल्या मॉडेलहून हा रणगाडा वेगळा होतो तो इथे. टरेट फिरलाच पाहिजे. खेळाच्या नियमांत समोरचं चिलखत जाड आणि बाजूचं पातळ असतं, त्यामुळे हलचं तोंड कुठे आणि तोफ कुठे रोखली आहे यावर डाव पालटतो. टरेटखाली छोटं चुंबक बसवलं की तो फिरतो आणि निघूनही येतो. जी बारीक अँटेना पहिल्याच डावात मोडणार, ती लावायचीच नाही. हा रणगाडा दहा जणांच्या हातांतून जाणार असतो.

रंगाआधी हवा बघायची. आपल्याकडे पावसाळ्यात स्प्रे प्रायमर मारला तर हवेतल्या दमटपणाने थर पांढुरका पडतो. बटणं, चुंबक चिकटवायचं फेविक्विक मात्र त्याच दमटपणात लवकर धरतं. म्हणून जोडकाम आषाढ-श्रावणात उरकावं आणि रंग दसऱ्यानंतर द्यावा. हिरव्या रंगावर पंजाबच्या मातीचा फिकट हात शेवटी फिरवायचा, खाली दाट आणि वर विरळ.

ज्यांना हे करून बघायचं असेल त्यांनी पहिलं वाहन असं निवडावं, ज्याच्याभोवती स्वतः चक्कर मारता येते. कल्याणला दुर्गाडी किल्ल्यापाशी खाडीकाठी नौदलाची निवृत्त ‘टी-80’ ही वेगवान युद्धनौका ठेवली आहे. नाहीतर आगारातली लाल एसटी आहेच. वही, पट्टी घेऊन जा, चारही बाजूंनी बघा, आणि मगच कटर हातात घ्या.