परसबागेतील फळझाडे व लहरी हिवाळा

घराच्या आवारात, अंगणात वा गच्चीवर कुटुंबाच्या गरजेपुरती लावलेली फळझाडे व त्यांवर हिवाळ्यातील अनिश्चित हवामानाचा होणारा परिणाम. महाराष्ट्रातील परसबागांत आंबा, पेरू, कागदी लिंबू, पपई, केळ, चिकू, डाळिंब व अंजीर ही झाडे मुख्यत्वे आढळतात. ती बहुतेक उष्ण वा उपोष्ण कटिबंधातील आहेत. त्यांपैकी आंब्यासारख्या झाडांना मोहोरासाठी थंडी लागते, केळ व पपई ह्यांना ती सोसत नाही. एकाच आवारात ही सर्व झाडे असल्याने सर्वांना मानवेल असा हिवाळा क्वचितच लाभतो.

राज्यातील हिवाळा लहरी असण्याचे कारण त्याच्या भौगोलिक स्थानात आहे. उत्तर भारतातून पश्चिमी अभिसारी चक्रवात पुढे सरकले की, उत्तरेकडील कोरडे वारे वाहू लागतात व पारा झपाट्याने उतरतो. वाऱ्याची दिशा बदलून समुद्रावरील बाष्प आले की, ढग जमून रात्री पुन्हा उबदार होतात. मैदानी प्रदेशात किमान तापमान १०° से. किंवा त्याहून कमी व सरासरीपेक्षा निदान ४·५° से.ने खाली असल्यास हवामान खाते थंडीची लाट मानते. पावसाचाही भरवसा नसतो. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्री वादळामुळे कोकणात, डिसेंबर २०२१ च्या आरंभी कोकण, नाशिक व पुणे भागांत आणि २६ नोव्हेंबर २०२३ रोजी नाशिक जिल्ह्यात गारांसह अवकाळी पाऊस झाला.

आंबा (मँजिफेरा इंडिका) ह्या झाडावर हवामानातील चढउतार सर्वांत स्पष्ट दिसतात. पावसाळ्यानंतर आलेली पालवी जून झालेली असावी, जमीन सुकत जावी आणि रात्रीचे तापमान १५° से.च्या आसपास काही दिवस टिकावे, म्हणजे शेंड्यावरील डोळ्यातून मोहोर फुटतो. पाऊस ऑक्टोबरअखेरपर्यंत लांबल्यास त्याच डोळ्यातून नवी पालवी येते व मोहोर लांबतो. मोहोर वाढत असताना थंडी फार कडक असली, तर त्यात उभयलिंगी फुलांचे प्रमाण घटते. शिवाय माश्या व इतर कीटक फिरकत नाहीत व परागण नीट होत नाही. अशा वेळी बाठ न धरलेल्या सुपारीएवढ्या कैऱ्या पुष्कळ दिसतात. त्या टिकत नाहीत, म्हणून त्यांवरून पिकाचा अंदाज बांधू नये. हापूसमध्ये आणखी एक अडचण येते. कैऱ्या वाटाण्याएवढ्या झाल्यावर थंडी परतली, तर त्याच फांदीवर दुसरा मोहोर येतो व अन्नरस तिकडे वळून आधीची फळे गळतात. ह्यास पुनर्मोहोर म्हणतात.

ढगाळ व दमट हवेत मोहोरावर तुडतुडे, भुरी व करपा ह्यांचा उपद्रव वाढतो. भुरीवर पाण्यात मिसळणारे गंधक १० लि. पाण्यात २० ग्रॅ. ह्या प्रमाणात, ऊन तापण्यापूर्वी फवारल्यास सामान्यतः पुरते. घरचे झाड एखादेच असताना बागायतदाराचे संपूर्ण फवारणी वेळापत्रक त्यावर राबविणे अनावश्यक आहे. घरची मुले तेच फळ खाणार असतात, हेही लक्षात ठेवावे.

लिंबू, डाळिंब, पेरू ह्या झाडांना पाणी तोडून ताण देतात व नंतर खतपाणी देऊन बहार धरतात. जानेवारी–फेब्रुवारीतील आंबे बहारासाठी (विदर्भात आंबिया बहार) डिसेंबरात ताण चालू असतानाच पाऊस पडला, तर ताण मोडतो आणि फुलांऐवजी कोवळी पालवी फुटते. गच्चीवरील कुंड्यांना हा धोका टाळता येतो; त्या छपराखाली सरकविल्या की झाले. जमिनीतील लहान झाडाच्या आळ्यावर प्लॅस्टिक पसरून भोवती चर काढावा.

केळीची वाढ १६° से.खाली मंदावते व १०° से.च्या सुमारास जवळजवळ थांबते. ऐन थंडीत निसवणाऱ्या केळीचा घड पानांच्या बेचक्यात अडकतो. त्यामुळे नवा मुनवा लावताना निसवण डिसेंबर–जानेवारीत येणार नाही, असा हिशेब ठेवणे हाच खरा उपाय. पपईची फळे थंडीत पिकण्यास फार दिवस घेतात व बेचव लागतात.

निरभ्र व निर्वात रात्री जमिनीची उष्णता प्रारणाने निघून जाते आणि जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते. महाबळेश्वर येथील वेण्णा तलावाच्या परिसरात दव गोठते, ते ह्यामुळेच. हवामान केंद्रातील तापमापक जमिनीपासून सु. सव्वा मीटर उंचीवर असतो. गवताच्या पातळीवरील तापमान अशा रात्री काही अंशांनी कमी असते. म्हणून वृत्तपत्रातील आकडा आपल्या रोपाला जसाच्या तसा लागू पडत नाही. अशा संध्याकाळी मुळांशी पाणी द्यावे. ओली माती दिवसा अधिक उष्णता साठविते व रात्री ती सावकाश सोडते. रोपावर काठ्यांच्या आधाराने गोणपाट घालून ते सकाळी काढावे. प्लॅस्टिक पानांना टेकू देऊ नये. कुंड्या दिवसभर तापलेल्या दक्षिण वा पश्चिम भिंतीलगत ठेवाव्यात. पालापाचोळा जाळून धूर करण्याची प्रथा आहे. तथापि दोन-चार झाडांसाठी तिचा लाभ अल्प व शेजाऱ्यांना त्रास मात्र पुष्कळ.

सप्टेंबरनंतर नत्रयुक्त खत भरपूर दिल्यास कोवळी फूट येते व थंडीत तीच प्रथम करपते. करपलेल्या फांद्या लगेच छाटू नयेत. वाळलेला भाग खालच्या फुटीला थोडा आडोसा देतो आणि जिवंत लाकूड कोठपर्यंत आहे, हे नवी पालवी आल्यावरच कळते. छाटणी फेब्रुवारीच्या अखेरीस करून कापावर बोर्डो मलम लावावे.