व्यवसायाचा रकाना

संस्थांच्या नोंदणीसंबंधीचा १८६० चा कायदा हा आपल्याकडील बहुतेक शिक्षणसंस्थांचा जन्मदाता होय. कोणत्याही सात किंवा अधिक व्यक्तींनी एकत्र यावे, आपला उद्देश लिहून काढावा आणि संस्था नोंदवावी, अशी सुटसुटीत सोय त्याने करून ठेवली आहे. संस्थेच्या विधानपत्रात कारभार पाहणाऱ्या मंडळींची नावे आणि पत्ते द्यावेत असे हा कायदा सांगतो. पण तेवढ्यावर न थांबता त्यांचे व्यवसायही नमूद करावयास लावतो. माणसाची ओळख पटावी, एवढाच कायदा करणाऱ्यांचा हेतू असावा. तथापि एखाद्या संस्थेचे शिक्षणविषयक धोरण कोणत्या दिशेने जाईल, हे तिच्या उद्देशपत्रिकेपेक्षा या एका रकान्यातून अधिक कळते, असे म्हणावयास हरकत नाही.

वार्षिक अहवालात हा रकाना छापत नाहीत. तेथे नावांमागची उपपदे त्याचे काम करतात. डॉ., अॅड., प्रा., इंजि., माजी नगरसेवक. उपपद नसलेला एखादा ‘श्रीमान’ आढळला, तर तो बहुधा आडत व्यापारी किंवा बांधकाम व्यावसायिक असतो. स्त्रियांची नावे एक-दोन, आणि विधानपत्रात त्यांच्यापुढे व्यवसाय म्हणून ‘गृहिणी’ असे लिहिलेले. पुष्कळदा सातांची संख्या भरण्यासाठी घेतलेले ते नाव अध्यक्षांच्याच घरातील असते. गावातील वाचनालय, वसतिगृह, रात्रशाळा, शिष्यवृत्ती निधी चालविणाऱ्या लहान संस्थांची अवस्था याहून फार निराळी नसते. ही मंडळी वेतन घेत नाहीत. प्रसंगी पदरमोड करतात, लेखापरीक्षकाकडे आणि शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात खेटे घालतात. त्यांच्याविषयी अनादर दाखविण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न निराळा आहे. ज्यांना या पदांपासून कोणीही अडविलेले नाही, ती माणसे तेथे का दिसत नाहीत?

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आम्ही ‘वैकल्पिक खर्च’ शिकवितो. एका कामाला दिलेला वेळ दुसऱ्या कामातून काढून घ्यावा लागतो. त्या दुसऱ्या कामातून जे मिळाले असते, तीच पहिल्याची खरी किंमत. मानद पदाला हे तत्त्व लावून पाहावे. कार्यकारिणीची सभा बुधवारी दुपारी चार वाजता आहे. वकीलसाहेब तारीख पुढची मागून घेतात. डॉक्टर संध्याकाळचा दवाखाना तासभर उशिरा उघडतात. व्यापाऱ्याच्या गल्ल्यावर मुलगा बसतो. निवृत्त मुख्याध्यापकांचे निवृत्तिवेतन सभेला गेल्याने कमी होत नाही. त्याच सभेसाठी कारकुनाला मात्र किरकोळ रजा टाकावी लागेल, एस. टी.च्या वाहकाला ड्यूटी बदलून मागावी लागेल, आणि शेतावर जाणाऱ्या बाईचा अख्खा रोज बुडेल. वरकरणी फुकट असलेल्या या पदाची किंमत प्रत्येकाला वेगवेगळी पडते, आणि ज्याला ती सर्वांत जड पडते तो आपण होऊनच बाजूला राहतो. नियमावलीत कोणतीही आडकाठी नसता निवड होऊन जाते.

याचा परिणाम संस्थेच्या कारभारावर कसा होतो, तेही पाहिले पाहिजे. दुकानात पैसे देणारा आणि माल वापरणारा एकच असतो. माल वाईट निघाला तर तो दुसऱ्या दुकानात जातो. शिक्षणाच्या सेवाभावी संस्थेत पैसे देणगीदार देतो आणि सेवा विद्यार्थी घेतो. देणगीदार वसतिगृहात जेवत नाही. आणि विद्यार्थ्याला जेवण वाईट आहे म्हणून वसतिगृह बदलणे परवडत नाही. या दोहोंमध्ये कार्यकारी मंडळ बसलेले असते. त्या मंडळातील सर्व खुर्च्या देणगीदाराच्या बाजूच्या असतील, तर दुसऱ्या बाजूची वार्ता आत यावयास वाटच उरत नाही. मग इमारतीला रंग लागतो, कोनशिला बसते, प्रवेशद्वारावर कमान उभी राहते. कारण मंडळाला दिसते ते हेच.

आपल्या प्रांतात या प्रश्नाचा विचार फार पूर्वीपासून झालेला आहे. १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले आणि १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तेव्हा तिच्या संस्थापकांनी संस्थेचा दैनंदिन कारभार शिकविणाऱ्यांच्याच हाती ठेवला. आजीव सदस्याने वीस वर्षे अल्प वेतनावर सेवा करावयाची. गोपाळ कृष्ण गोखले यांनी ती ७५ रुपयांवर केली. अशा सदस्याने बाहेरचे काम किती करावे आणि त्याची मिळकत किती असावी, यावरून जे वाद झाले, त्यांची परिणती १८९० च्या अखेरीस टिळकांच्या राजीनाम्यात झाली. वेळेची किंमत हा विषय त्या थोर माणसांनाही चुकला नाही. ही रचना त्या काळी धाडसाची होती. पण सगळे संस्थापक एकाच सामाजिक थरातून आलेले होते, हेही तितकेच खरे. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात, प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, ते लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा त्यांना अधिक कळतील, अशी मागणी केली होती. त्यांचा मुद्दा शिक्षकांपुरता होता. तो संचालकांना लागू करावयास फार मोठी उडी मारावी लागत नाही.

या दृष्टीने सर्वांत अभ्यसनीय घडण मला १९२४ च्या बहिष्कृत हितकारिणी सभेची वाटते. अस्पृश्य समाजात शिक्षणाचा प्रसार करणे, त्यासाठी वसतिगृहे काढणे, हे तिच्या उद्देशांत अग्रभागी होते, आणि १९२५ मध्ये सोलापूरला तिने वसतिगृह सुरूही केले. सभेचे अध्यक्ष होते सर चिमणलाल सेटलवाड, नामांकित वकील आणि तेव्हाचे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. उपाध्यक्षांत रँग्लर र. पु. परांजपे होते, सॉलिसिटर बा. गं. खेर होते. नावांची ही यादी आजच्या कोणत्याही संस्थेच्या लेटरहेडला शोभली असती. परंतु डॉ. आंबेडकरांनी व्यवस्थापक मंडळ निराळे ठेवले; त्याचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले, आणि चिटणीस केले सीताराम नामदेव शिवतरकर यांना. शिवतरकर शाळामास्तर होते आणि ज्या समाजासाठी सभा होती त्याच समाजातले होते. प्रतिष्ठा, ओळखी आणि निधी ज्यांच्यामुळे मिळावयाचा त्यांना मानाचे स्थान. आणि कशाची गरज आहे हे ठरविण्याचे काम मात्र ज्यांना ती गरज अनुभवाने ठाऊक त्यांच्याकडे. मानाची जागा आणि निर्णयाची जागा यांतील हा फरक आज आपण जवळजवळ विसरलो आहोत. देणगी आली की देणगीदाराला थेट कार्यकारिणीवर घेतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांचा मार्ग आणखी वेगळा. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली, तेव्हा भाऊरावांच्या नावापुढे पदवी नव्हती. किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांची काच विकत ते गावोगाव हिंडलेले होते. विक्रेत्याचा व्यवसाय! पण कोणत्या गावात शाळा नाही, कोणाचे पोर गुरे राखते, हे त्या फिरतीत जितके कळावे तितके एखाद्या अहवालावरून कळले नसते. पुढे १९२४ मध्ये साताऱ्याचे वसतिगृह निघाले, आणि तेथे वाढलेली मुलेच संस्थेची शिक्षक, सेवक आणि कारभारी झाली. मूठभर धान्य देणारा शेतकरी आणि त्या धान्यावर शिकलेला मुलगा अशा दोघांचाही संस्थेवर हक्क निर्माण झाला.

आता एक साधे उदाहरण घेऊ. ‘दिवाळीच्या सुटीत वसतिगृह बंद राहील’ असा नियम अनेक ठिकाणी असतो. मंडळाला त्यात काही वावगे वाटत नाही. सणाला मुले घरी जाणारच, स्वयंपाकीणबाईंनाही सुटी हवी. पण बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागेच कारखान्यांच्या वाटेला लागतात, ते थेट मार्च-एप्रिलला परततात. त्यांच्या मुलाच्या घराला त्या दिवसांत कुलूप असते. वसतिगृह बंद म्हणजे मुलगा उसाच्या फडावर, आणि एकदा फडावर गेलेला मुलगा सुटी संपल्यावर परत येईलच याचा भरवसा नाही. हा नियम कोणी दुष्टपणाने केलेला नाही. नियम करताना खोलीत फड पाहिलेला कोणी नव्हता, एवढेच. उत्पन्नाच्या दाखल्याचीही गोष्ट अशीच. ‘आठ दिवसांत दाखला सादर करावा’ ही ओळ टंकलिखित करावयास अर्धे मिनिट लागते. तहसील कचेरीत तो मिळविण्यासाठी बापाचे दोन रोज बुडतात.

१९८३ नंतर विनाअनुदानित महाविद्यालयांबरोबर जो ‘शिक्षणसम्राट’ नावाचा वर्ग उदयास आला, त्याचा विचार येथे करीत नाही. त्यांच्या मंडळांत कोण असते हे सर्वश्रुत आहे, आणि त्यांच्या सेवेला मानद म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे.

कायद्याने या बाबतीत काही पावले टाकली आहेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालय विकास समितीत तीन शिक्षकांना स्थान दिले, विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्ष-सचिवांना दिले, आणि चार स्थानिक सभासदांपैकी किमान एक माजी विद्यार्थी असावा असे म्हटले. हे चौघे व्यवस्थापनानेच नामनिर्देशित करावयाचे असल्याने माजी विद्यार्थी म्हणून बहुधा गावातील यशस्वी उद्योजकच शोधला जातो, हा भाग वेगळा. मुख्य म्हणजे मातृसंस्थेच्या नियामक मंडळाला यातील काहीच लागू नाही. आणि शाळेच्या समितीतही पालकाचा बुडालेला रोज कोणी भरून देत नाही. तेव्हा सभेचे इतिवृत्त सही करण्यासाठी त्याच्या घरी पाठविले गेले, तर दोष कोणाला द्यावा?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. निव्वळ अनुभवाने संस्था चालत नाही. हिशेब वेळेवर झाला नाही, विश्वस्त बदलल्याचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात मुदतीत गेला नाही, की वाद उभा राहतो. दोन गट आपापली कार्यकारिणी खरी म्हणून भांडतात आणि बँक खाते गोठविते. अशा वेळी एक चांगला सनदी लेखापाल किंवा वकील दहा भावनाशील सभासदांना भारी असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. शिवाय अनुभवही शिळा होतो. चाळीस वर्षांपूर्वी वसतिगृहात कंदिलावर शिकलेला आणि आज मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला गृहस्थ पुष्कळदा आजच्या मुलांना सर्वांत कठोर असतो. ‘आम्ही नाही का शिकलो?’ हे त्याचे ठरलेले वाक्य. म्हणून माजी विद्यार्थी घ्यावयाचा तर गेल्या दहा वर्षांतला घ्यावा, आणि एकटा घेऊ नये. अकरा वडीलधाऱ्यांत एकच तरुण असला की तो सत्काराचे सूत्रसंचालन करण्यापुरता उरतो. लेखापालाला आणि वकिलाला सल्लागार म्हणून बसविता येते. त्यांचे ज्ञान मागून मिळते. फडावरची किंवा तहसील कचेरीतली गोष्ट मात्र मागावी हेच मुळात सुचत नाही.

व्यवहारात करावयाचे ते फारसे खर्चाचे नाही. सभा रविवारी सकाळी ठेवता येते आणि वर्षभराच्या तारखा जूनमध्येच कळविता येतात. बाहेरगावच्या सभासदाला एस. टी.चे प्रत्यक्ष भाडे देण्याची तरतूद नियमावलीत करता येते. प्रवासखर्च म्हणजे वेतन नव्हे. वार्षिक समारंभात पाहुण्यांच्या शाल-श्रीफळावर आणि हारतुऱ्यांवर जो खर्च होतो, त्यात दोन सभासदांचे वर्षभराचे भाडे सहज निघावे. विषयपत्रिकेत ‘विद्यार्थ्यांकडून आलेल्या अडचणी’ हा विषय ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरातून काढून इतिवृत्त कायम केल्यानंतर लगेच घेता येतो. नियमावलीत दुरुस्ती करावयाची तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागेल, कागदपत्रे धर्मादाय कार्यालयात जातील, आणि तेथे वेळ लागेल. तेव्हा ज्या संस्थांची निवडणूक पुढील वर्षी आहे, त्यांनी दुरुस्तीचा मसुदा येत्या सर्वसाधारण सभेपुढेच ठेवलेला बरा.