मुखवटा विरघळवायचा की जपायचा?

ममीचा मुखवटा म्हटलं की तुतनखामुनचा सोन्याचा चेहरा आठवतो. पण सुमारे 10 किलोचा तो मुखवटा राजाचा! थोडीफार ऐपत असलेल्या इतर लोकांसाठी वापरायचे ते कार्टोनाज. म्हणजे लिननच्या कापडाचे थर एकमेकांवर चिकटवायचे, वर गेसोचा, म्हणजे चुनखडीची पूड आणि सरस यांचा लेप द्यायचा आणि मग रंगवायचं. देवांची त्वचा सोन्याची असते असं मानत, म्हणून जमल्यास चेहऱ्यावर सोन्याचा वर्खही लावायचा.

खरी गंमत टॉलेमी राजांच्या काळात सुरू होते. तेव्हा अनेकदा कापडाऐवजी वापरून झालेला पपायरस घेत. हिशेब, अर्ज, पत्रं, कधी चक्क साहित्य. आपल्याकडे रद्दीच्या पुड्या बांधतात ना, तसंच! 1889-90 च्या सुमारास फ्लिंडर्स पेट्रीला फायूम भागातल्या गुरोब इथे असं कार्टोनाज मिळालं. त्यातून प्लेटोच्या ‘फेडो’चे तुकडे निघाले, तेही प्लेटोनंतर साधारण शंभर वर्षांनी लिहिलेले.

मग काय, लोक मुखवटे भिजवून सुटे करू लागले. मजकूर मिळाला, पण अनेकदा मुखवटा गेला. रंगाचा थर आधी उचलून ठेवायच्या पद्धतीही निघाल्या, तरी थरांचा क्रम, चिकटवण्याची रीत, कारागिराच्या हाताच्या खुणा या गोष्टी पुन्हा तशाच जोडता येत नाहीत.

आता न फोडता किती कळतं ते बघा. केसांचा निळा रंग बऱ्याचदा ‘इजिप्शियन ब्लू’ असतो: वाळू, चुना, तांबं आणि थोडा क्षार भट्टीत तापवून केलेलं कॅल्शियम कॉपर सिलिकेट. त्यावर साधा दृश्य प्रकाश टाकला की तो 910 नॅनोमीटरच्या आसपास अवरक्त प्रकाश सोडतो. कॅमेऱ्यातला अवरक्त किरण अडवणारा फिल्टर काढून योग्य फिल्टर लावला, की डोळ्यांना न दिसणारे त्याचे कणही पांढरे चमकतात. नमुना खरवडावा लागत नाही.

आतल्या अक्षरांचं मात्र अवघड आहे. काजळीची शाई अवरक्त प्रकाशात उठून दिसते, पण मुख्यतः वरच्या थरात. क्ष-किरण आतपर्यंत जातात, पण शाईतला कार्बन आणि पपायरस यांच्यात त्यांना फारसा फरक दिसत नाही. म्हणजे आतलं वाचायची घाई असेल तर फोडण्याचा मोह होणारच.

हे सगळं मी का सांगतोय? पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक अख्खा नमुना आम्लात विरघळवला. मूलद्रव्यांचे आकडे छान आले. महिन्याभराने गाईडनी विचारलं, “स्फटिकरचना कोणती होती?” सांगायला काही उरलंच नव्हतं. रिसर्च प्रपोजल लिहिताना ‘पद्धत’ या मथळ्याखाली नमुन्याचं शेवटी काय होणार, एवढी एक ओळ नक्की लिहा. मुलाखतीत कुणी विचारो न विचारो. मी आता प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग तारीख टाकून डबीत ठेवतो.