ओरखडा कुठून कुठे गेला

२८ ऑगस्ट २००६ची दुपार. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात कार्सन सिटीच्या धावपट्टीवर एक हॉकर ८००एक्सपी जेट चाकं न काढता पोटावर घसरत येऊन थांबलं. नाकाचा शेंडा गायब, आतली यंत्रं उघड्यावर आलेली, एक इंजिन बंद. काही मिनिटांपूर्वी सुमारे १६,००० फुटांवर त्याची एका ग्लायडरशी टक्कर झाली होती. ग्लायडरच्या पंखाचा मुख्य दांडा, म्हणजे स्पार, जेटच्या नाकात घुसला होता. जेटमधले पाचही जण वाचले. ग्लायडरचा वैमानिक पॅराशूटने उडी मारून खाली आला आणि तोही वाचला. आकाशातल्या टकरीत दोन्ही बाजूंची माणसं जिवंत राहणं विरळाच, आणि तपासणाऱ्यांच्या दृष्टीने तर ती चैनच. तरीही तपास सुरू झाला की माणसांइतकाच पत्रा बोलका असतो. तो वाचायचा कसा, ते पाहू.

पहिलं काम म्हणजे हात न लावणं. विमान क्रेनने उचललं की नवे पोचे पडतात, लोंबकळणारे तुकडे गळतात. म्हणून आहे त्या स्थितीत चारही बाजूंनी फोटो, पट्टी धरून मोजमापं, कॉकपिटमधल्या स्विचांच्या स्थितीची नोंद, आणि मगच पुढचं. ग्लायडरच्या अवशेषांजवळ जाताना मास्क आणि हातमोजे लागतात. कार्बन फायबर मोडलं की त्याची कुसळं होतात. ती बोटात सहज घुसतात, आणि धूळ श्वासावाटे छातीत जाते.

दुसरं काम वाटतं तितकं सोपं नाही. टकरीने झालेलं नुकसान कोणतं आणि नंतरचं कोणतं, हे वेगळं काढायचं. पोटावर उतरलेल्या विमानाचं पोट धावपट्टीने खरवडलेलं असणारच. ते ओरखडे पुढून मागे, सरळ, एकमेकांना समांतर असतात आणि त्यांत डांबराचे-काँक्रीटचे कण अडकलेले सापडतात. नाक उडाल्यावर शेकडो किलोमीटर वेगाचा वारा आत शिरतो, कडा मागे दुमडतो, सैल पत्रे फाडतो. तेही टकरीचं नुकसान नव्हे, तिच्या मागून आलेलं. एक ओरखडा दुसऱ्याला छेदत असेल, तर वरचा नंतरचा. भिंतीवरचा रंग खरवडून खालचे थर बघावेत तसं हे वाचन. गंजलेली किंवा आधीपासून तडकलेली जागा ओळखणं त्या मानाने सोपं. एका दणक्यात मोडलेल्या धातूचा भेग-पृष्ठभाग खडबडीत आणि करडा दिसतो, तर थकून तुटलेल्या धातूवर वाळूतल्या लाटांसारख्या बारीक रेघा असतात.

आता खरा ऐवज, म्हणजे ओरखडे. जेटच्या नाकाजवळ वाकून भिंगातून रिव्हेटची डोकी बघावीत. एका बाजूचा रंग खरवडलेला असतो, दुसऱ्या बाजूचा, आडोशाचा, शाबूत. ज्या बाजूने घासलं गेलं ती बाजू उघडी पडते, म्हणजे दिशा कळली. ओरखड्याच्या सुरुवातीला खळगा स्वच्छ असतो आणि शेवटाला समोरच्याचा रंग ढकलला जाऊन साचतो, लोण्यावरून सुरी फिरवल्यावर पुढे ढीग जमतो तसा. तो ढीग खरवडून प्रयोगशाळेत जातो. ग्लायडर बहुधा पांढरं, जेटही पुष्कळदा पांढरं. पांढऱ्यावर पांढरं डोळ्यांना काय कळणार? पण ग्लायडरवरचा जेलकोट, म्हणजे त्याचा वरचा गुळगुळीत थर, आणि जेटचा रंग यांची रसायनं वेगळी, आणि अवरक्त किरणांखाली ती वेगळी दिसतात.

दिशा मिळाली की कोन मोजायचा. इथे थोडं गणित करू. आकडे समजण्यापुरते मानलेले आहेत. जेटचा वेग ३०० नॉट, ग्लायडरचा ५०, आणि ग्लायडर काटकोनात आडवं आलं. जेटच्या दृष्टीने ग्लायडर जवळजवळ समोरूनच येतं. त्यामुळे जेटवरचे ओरखडे लांबीच्या रेषेशी फक्त साडेनऊ अंशांचा कोन करतील. ग्लायडरवरचे मात्र त्याच्या लांबीशी ८० अंशांच्या पुढे, म्हणजे जवळपास आडवे असतील. तपासात हे उलट दिशेने चालतं. दोन्हींवरचे कोन आधी मोजायचे. त्यांतून आणि एकाच्या ठाऊक असलेल्या वेगावरून त्रिकोण पुरा होतो, दुसऱ्याचा वेग आणि दोघांच्या दिशा हाती येतात. ओरखडे चढते-उतरते असतील तर कोण किती कललेलं होतं तेही कळतं. ग्लायडर थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या उष्ण हवेत घिरट्या घालत असेल, तर साधारण अर्ध्या मिनिटात एक फेरी पुरी होते आणि नाकाची दिशा क्षणोक्षणी बदलते. अशा वेळी ओरखड्यांचा कोन हा त्या फेरीतला नेमका एक क्षण असतो. ग्लायडरमधल्या जीपीएस लॉगरशी तो ताडून बघता येतो.

टक्कर किती क्षणिक असते याचा अंदाज हवा असेल, तर याच आकड्यांत हॉकरची साडेपंधरा मीटर लांबी घ्या. नाकापासून शेपटीपर्यंत ग्लायडर पार व्हायला सेकंदाचा दहावा भाग पुरतो. पापणी लवते तेवढा वेळ. वैमानिकाने काय पाहिलं याच्या आठवणीपेक्षा रिव्हेटवर माझा जास्त भरवसा आहे तो यासाठी.

नाकामागची दाबाची भिंत, पंखाची पुढची कड, शेपटी हे सगळं तपासलं जातं. इंजिनाची तपासणी बोअरस्कोपने होते. कॅमेरा लावलेली ही बारीक लवचिक नळी आत सरकवून पाती बघतात. पाती फिरण्याच्या उलट बाजूला वाकली असतील, तर तुकडा आत गेला तेव्हा इंजिन फिरत होतं. कंपोझिट, म्हणजे कार्बन फायबरसारख्या थरांनी बनलेल्या, भागांवर मात्र डोळ्यांचा भरवसा धरू नये. वरून साफ दिसणाऱ्या पृष्ठभागाखाली थर सुटलेले असतात. नाण्याने टकटक करत गेलं की चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो, सुटलेल्या जागी बद्द. फुटकं मडकं ओळखण्याची आपल्याकडची रीत हीच. पुढे अल्ट्रासाउंड आहेच, पण सुरुवात नाण्याने होते.

एवढं करून टक्कर कशी झाली ते कळतं, पण एक गोष्ट पत्र्यावर उमटत नाही: ट्रान्सपॉन्डर. रडारच्या हाकेला उंचीसह उत्तर देणारं हे यंत्र चालू असतं, तर नेवाडातलं ते ग्लायडर नियंत्रकाला आणि जेटमधल्या इशारा-यंत्रणेला दिसलं असतं. ते ग्लायडरमध्ये बसवलेलंही होतं. वैमानिकाने ते बॅटरी वाचवण्यासाठी बंद ठेवलं होतं. वाचला म्हणून त्याला ते सांगता आलं. अपघातांचा तपास करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबी या संस्थेने संभाव्य कारणात दोनच गोष्टी लिहिल्या: ट्रान्सपॉन्डर न वापरणं, आणि दोन विमानं एकमेकांकडे इतक्या वेगाने येणं की बघून टाळायची संधी फार कमी उरली. ग्लायडरना अमेरिकी नियमांत ट्रान्सपॉन्डरच्या सक्तीतून सूट होती. ती काढून टाकावी, अशी शिफारस एनटीएसबीने २००८ साली केली.