अर्धें वचन

आमच्या जालन्यास बियाण्यांचा व्यापार मोठा. अशाच एका दुकानासाठीं आमच्या पुतण्यानें संगणकाची आज्ञावली लिहून दिली. वैशाखांत ती चोख चालली. पण मृगाची गर्दी उसळली, 10,000 शेतकऱ्यांचीं खातीं व 50,000 बिलें जमलीं, आणि बाकी काढावयास यंत्र अडून बसूं लागलें.

"गतीचा विचार अगोदरच कां केला नाहींस?" मीं जेवतांना विचारलें.

"काका, गतीसाठीं अकालीं खटपट करणें हें सर्व अनर्थांचें मूळ, असें आम्हांस पहिल्या दिवसापासून शिकवितात!"

हें वचन डोनाल्ड कनूथ या अमेरिकन पंडिताच्या 1974 सालच्या लेखांतलें. शंभरांपैकीं 97 प्रसंगीं बारीकसारीक काटकसर विसरावी, असें सांगून तो लगेच बजावतो, कीं उरलेल्या 3 प्रसंगीं मात्र संधि दवडूं नये. आणि ते 3 कोणते हें मोजून ठरवावें, कारण जाणत्यांचेही अंदाज तेथें चुकतात. लोकांनीं मधलें वाक्य तेवढें उचललें. मौज अशी, कीं तो लेखच मुळीं एका रूढ उपदेशाची झडती घेणारा! आज्ञावलींत एका ठिकाणाहून दुसरीकडे थेट उडी घेणारी 'गो टू' ही आज्ञा घातक आहे, असें डायक्स्ट्रा या डच विद्वानानें 1968 सालीं लिहिलें होतें. कांहीं ठिकाणीं तीच सोयीची कशी, हें कनूथनें उदाहरणें देऊन दाखविलें.

समर्थांचें जांब याच जिल्ह्यांतलें. प्रचीतीवांचूनचें बोलणें त्यांस खपत नसे, हें दासबोध वाचणाऱ्या घरांत सांगावयास नको. तरी मुलांकडून वचनें पाठ करवून घेणारे आम्हीच, आणि तीं तपासलीं नाहींत म्हणून रागावणारेही आम्हीच.

पुतण्यानें त्या रात्रीं प्रत्येक भागास किती वेळ लागतो तें यंत्राकडूनच मोजविलें. त्याचा संशय बिलें छापण्याच्या भागावर होता. वेळ जात होता तो खातेदार शोधण्यांत! प्रत्येक बिलागणिक यंत्र सारी यादी आरंभापासून चाळी. सरासरी 5,000 नांवें धरलीं तरी 25 कोटि तपासण्या. खाते-क्रमांकांची सूची एकदांच करून ठेवतांच खातें तत्काळ सांपडूं लागलें, व दुकानदारास दुपारच्या चहापूर्वीं बाकी मिळाली. छपाईच्या भागास त्यानें हातही लावला नाहीं.