लाल टिकलीच्या आधी

मार्च 2025 मध्ये चित्रकार एम. एफ. हुसेन यांचं ‘ग्राम यात्रा’ हे चित्र न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात सुमारे 118 कोटींना गेलं. हुसेन जन्माने पंढरपूरचे, म्हणजे आमच्या शेजारच्या तालुक्यातले. माढ्याच्या स्टँडवर पेपर वाचता वाचता एकाने विचारलं, “सर, एवढ्यात किती एकर बागायत येईल?” 1954 च्या त्या चित्रात तेरा चौकटी आहेत, त्यांत गावचं जगणं आहे; ते कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारणाऱ्याचा दोष नाही. चित्राकडे आकड्यातून बघायला गॅलऱ्यांनीच शिकवलं.

मी त्या धंद्यात शिरलो तो नव्वदच्या दशकात. कलाशिक्षकाची ए.टी.डी. होऊनही मास्तरकी मिळेना, म्हणून कुर्डुवाडीहून मुंबईची रात्रीची गाडी धरली. तिथली जहांगीर आर्ट गॅलरी 1952 ची. तिच्याच पहिल्या मजल्यावर केकू आणि खोर्शेद गांधींनी 1963 मध्ये केमोल्ड गॅलरी थाटली, मूळ धंदा फ्रेमांचा. हा इतिहास सगळीकडे छापलेला आहे. मी होतो ती गॅलरी काळा घोड्याजवळच्या गल्लीत नुकती निघत होती. नाव घेत नाही.

काम भिंतीचं. आधीच्या प्रदर्शनाचे खिळे उपटायचे, भोकांत लांबी भरायची, वाळली की घासून पांढरा हात मारायचा. मग दोरी ताणून चित्राचा मध्य डोळ्यांच्या रेषेत आणायचा. चित्रकार मागून ओरडणार, “डावीकडून एक सूत वर!” एक सूत! आम्ही फ्रेमेमागे पुठ्ठ्याची घडी सारायचो, त्याचं समाधान व्हायचं. चित्र विकलं गेलं की नावाच्या चिठ्ठीशेजारी लाल टिकली. टिकल्यांचं एक पाकीट संपता संपत नसे, आणि त्याचं कुणाला फारसं वाटतही नसे. जहांगीरमधल्या समोवार कॅफेत एका चहावर दुपार जायची. आमच्या दाराशी दरवान नव्हता. हायकोर्टाचे शिपाई जेवणाच्या सुट्टीत आत डोकावायचे, जेजेची पोरं तर घरच्यासारखी.

1996 मध्ये सभा-मैफलींच्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय उघडलं, तेव्हा आपल्या कामाला सरकारी मोहोर लागली असं आम्हाला वाटलं. त्याच वर्षी सरस्वतीच्या जुन्या रेखाटनावरून हुसेन यांच्याविरुद्ध रान पेटलं. 1998 मध्ये मुंबईतल्या त्यांच्या घरावर हल्ला झाला. पुढे देश सुटला, कतारचं नागरिकत्व आलं, 2011 मध्ये लंडनमध्येच ते वारले. आज 118 कोटींचा अभिमान मिरवणाऱ्यांपैकी काहीजण तेव्हा उद्घाटनाला ग्लास धरून विषय बदलत होते. मी ट्रे घेऊन शेजारीच उभा होतो.

एकदा मालकांना म्हटलं, चित्रांची माहिती मराठीतही एका कागदावर लावू या. उत्तर आलं, “मराठी माणूस विकत घेतो का?” चित्रकार प्रभाकर बरव्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक 1990 मध्ये आलेलं होतं. अमूर्त चित्रावर इतकं नेमकं मराठी लिहिता येतं, हे त्या माणसाला सांगून काय उपयोग!

2002 मध्ये चित्रकार तय्यब मेहतांचं ‘सेलिब्रेशन’ लिलावात दीड कोटींवर गेलं आणि टिकल्या घाऊक लागू लागल्या. पुढची वर्षं नुसती किमतींची. मला त्यात रस उरला नाही, मी गावी परतलो. 2015 मध्ये समोवारही बंद पडलं.

परवा आमच्या त्या गॅलरीचा वर्धापनदिनाचा ग्रंथ हाती आला. ‘कला सर्वांसाठी’ या अर्थाचं त्यात एक आख्खं प्रकरण आहे. इंग्रजीत.