मातीच्या बांधाचे बळ : दबाई आणि पाणी

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटले आणि पायथ्याची भेंदवाडी वाहून गेली. अनेकांना प्राण गमवावे लागले. चौकशीसाठी शासनाने विशेष तपास पथक नेमले. अशा दुर्घटनांमागे एकच कारण क्वचितच असते. तथापि मातीचा बांध कशाच्या बळावर उभा राहतो, हे गावानेही जाणून घेणे अगत्याचे आहे.

धरणाच्या गाभ्यात पाणी अडविणारी चिकणमाती घालतात. ती सैल टाकल्यास ढेकळांमध्ये हवेच्या पोकळ्या राहतात. वरचा भार वाढला व माती भिजली, की पोकळ्या मिटून भराव खचतो. भिंतीलगत किंवा पाणी सोडण्याच्या नळाजवळ तो कमीअधिक खचल्यास भेगा पडतात. भेगांतून पाझर, आणि पाझराबरोबर माती वाहू लागली, की बांध आतून पोखरला जातो.

दबाईमुळे ही हवा आधीच बाहेर पडते, कण जवळ येतात आणि पुढील भाराखाली माती कमी दबते. पावसाळा सरल्यावर कोकणात अंगण चोपतात, त्यामागील तत्त्व हेच. मात्र कोरड्या मातीचे कण सहजी सरकत नाहीत, आणि चिखलातील पाणी लवकर निघत नाही. या दोहोंमधील योग्य ओलावा शोधण्याची पद्धत अमेरिकन अभियंता प्रॉक्टर यांनी 1933 मध्ये मांडली. भारतीय मानकानुसार साच्यातील मातीच्या तीन थरांना, 2.6 किलोग्रॅमचा ठोकळा 31 सेंटिमीटरवरून पाडून, प्रत्येकी 25 ठोके देतात.

योग्य ओलाव्यापेक्षा कोरडी दाबलेली माती प्रारंभी ताठ वाटते. परंतु पाणीसाठ्याने भिजताच ती खचू शकते. किंचित ओलसर दाबलेली माती थोडी अधिक दबते, पण लवचीक असल्याने सहसा तडकत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात मातीकाम पावसाळ्यापूर्वी उरकावे लागते. त्या उन्हात माती झपाट्याने सुकते. म्हणून पाणी शिंपडणे हा कामाचाच भाग होय.

पाझर तलावाचे काम चालू असता पंचायत सदस्यांनी काही गोष्टी अवश्य पाहाव्यात. थर पातळ आहेत काय? नवा थर घालण्यापूर्वी जुना खरवडून भिजविला जातो काय? रोलर पोहोचत नाही अशा नळाजवळच्या जागी धुम्मस केली जाते काय? घनतेच्या चाचण्यांची नोंद ठेवली जाते काय? आणि काम पूर्ण झाल्यावरही पायथ्याशी गढूळ पाझर दिसताच संबंधित कार्यालयास तत्काळ कळवावे. गढूळ पाणी म्हणजे बांधाची माती वाहत असल्याची खूण होय.